चष्म्याने न थांबणारी डोकेदुखी

‘मॅडम, तुमची मशीनच बिघडलीय बगा,’ शैलजा मॅडम म्हणाल्या. ‘दर वेळी नंबर तोच कसा निघतो? आणि तोच निघतो तर माझं डोकं का दुखून राहिलंय?’

त्यांच्या नाकावर ट्रायल फ्रेम होती. ट्रायल फ्रेम म्हणजे ती गोल, काळी, जड चौकट, जिच्यात आम्ही एकेक काच घालून ‘हे बरं का ते बरं?’ असं विचारतो. तो प्रश्न मी लातूरच्या या दवाखान्यात इतक्या वेळा विचारलाय, की घरी भाजी निवडतानाही तोंडून निघून जातो. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर नव्हे. डोळ्याचा नंबर काढणं, तिरळेपणा बघणं, चष्मा लिहून देणं हे माझं काम. ऑपरेशन डॉक्टर सर करतात. लोक मात्र मलाही डॉक्टरच म्हणतात आणि सगळं सांगतात. पित्त, झोप, सून, सगळं.

‘मशीन ठीक आहे,’ मी म्हटलं. ‘खालून दुसरी ओळ वाचा.’

त्यांनी वाचली. सगळ्यात खालचीही वाचली.

डोकं दुखायला लागलं की आपल्याकडे माणूस पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानात जातो. त्यात चूक काही नाही. नंबर असेल आणि चष्मा नसेल तर डोकं दुखतं. सिलिंडर नंबर असेल, म्हणजे बुबुळाचा आकार सगळीकडून सारखा गोल नसेल, तर जास्तच दुखतं. पण दहा डोकी दुखत असतील तर दहाही डोळ्यांमुळे दुखत नाहीत. हे लोकांना पटत नाही. चष्म्याने काम भागावं अशी सगळ्यांची इच्छा असते. गोळ्या खाण्यापेक्षा चष्मा सोपा.

शैलजा मॅडम वर्षभरात तिसऱ्यांदा आल्या होत्या. शिरूर अनंतपाळच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. राहायला लातुरात. रोज अप-डाउन. चाळिशीचा चष्मा मीच दिला होता. मग दुखायचं थांबेना म्हणून त्यांनी फ्रेम बदलली. मग काच बदलली. आता त्यांना नंबर बदलून हवा होता, आणि तो काही बदलायला तयार नव्हता.

रेटिनोस्कोप नावाची एक हातातली बॅटरी असते. तिचा उजेड डोळ्यात टाकला की आतून एक लकाकी दिसते. ती कुठल्या बाजूला सरकते त्यावरून पेशंटने तोंड न उघडताही नंबर कळतो. माणूस चुकीचं सांगेल, डोळा सांगत नाही. मी तेही करून पाहिलं. डोळे त्यांच्या वयाला शोभतील असे, उत्तम होते.

‘रोज दुखतं?’

‘रोज. शाळेत दुपारच्या सुट्टीनंतर सुरू होतं. इथं, दोन्ही कानशिलात. घरी येईस्तोवर डोळे उघडवत न्हाईत.’

‘रविवारी?’

‘रविवारी कमी. पण आता रविवारी पण गोळी लागते.’

‘गोळी रोज घेता?’

‘शाळेत निघताना एक घेते. म्हणजे दुखायच्या आधीच. दुपारी एक. जास्तच झालं तर घरी आल्यावर.’

मी हातातली काच खाली ठेवली. डोकेदुखीची गोळी रोज घेत राहिलं तर काही दिवसांनी गोळीच डोकं दुखवायला लागते. शरीराला तिची सवय होते आणि वेळेवर मिळाली नाही की ते ओरडतं. ही माझी विद्या नव्हे, पण इतकं मला माहीत आहे. मी त्यांना तसं सांगितलं.

‘नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी पण हेच सांगितलं,’ त्या म्हणाल्या. ‘सीटी स्कॅन केला. सगळं नॉर्मल. म्हणाले, गोळ्या हळूहळू बंद करा, वेळेवर जेवा, पाणी भरपूर प्या. मी हो म्हणले.’

‘मग?’

‘मग काय? गोळी बंद केली तर तिसऱ्या दिवशी भिंतीवर डोकं आपटावं वाटलं. सासूबाईंनी नजर काढली. सुंठीचा लेप लावला. जाऊबाई म्हणाल्या, फडकं घट्ट बांधून झोप. सगळं करून झालं मॅडम.’

डार्करूममध्ये, म्हणजे आमच्या तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत, माणसं चेहरा दिसत नाही म्हणून बोलतात. त्याही बोलल्या.

‘परवा सातवीतल्या एका पोरीवर मी डस्टर फेकलं. गडबड करून राहिली होती. लागलं न्हाई. पण फेकलं. मी असली न्हवते मॅडम. पोरीचं तोंड एवढंसं झालं. हे म्हणतात, सोड नोकरी. मी पण ठरवलंय. दिवाळीच्या सुट्टीनंतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देते. कुणाला तरी लागायच्या आधी गेलेलं बरं.’

‘शिकवायला आवडत नाही का आता?’

‘आवडतं म्हणून तर रडायला येतं,’ त्या म्हणाल्या, आणि ट्रायल फ्रेमखालून पदर घालून डोळे पुसले.

मला फार वाईट वाटलं. पण माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. केस पेपरवर ‘नो चेंज’ लिहिलं आणि त्यांना बाहेर पाठवलं. पाच मिनिटांनी डॉक्टर सरांनी बोलावलं.

‘त्या टीचरला काही सुचवलं नाही तुम्ही?’

‘नंबर बदललेला नाही सर.’

‘तिसऱ्यांदा आल्यात. तक्रार घेऊन माणूस येतो आणि आपण रिकाम्या हाताने पाठवतो. लांबचं-जवळचं एकाच काचेत, प्रोग्रेसिव्ह द्यायचा. नाहीतर अँटीग्लेअर तरी.’

‘अँटीग्लेअर आहे सर. मीच दिलंय.’

‘मग ब्लू कट द्या.’

‘त्या फळ्यावर शिकवतात सर, कॉम्प्युटरवर नाही.’

सर हसले. माणूस वाईट नाही. दवाखाना चालवायचा तर काहीतरी विकलं जावं लागतं, हे मलाही कळतं. पण चाळीस पेशंट तपासून झाल्यावर संध्याकाळी हा संवाद रोज रोज नको वाटतो. मी म्हटलं, ‘बघते सर,’ आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

ऑक्टोबरमध्ये आमचे शाळांतून डोळे तपासणीचे कॅम्प असतात. डॉक्टर सर ते फुकट करतात, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. दवाखान्याची गाडी मला सकाळी गावात सोडते आणि संध्याकाळी न्यायला येते. बरोबर चार्ट, टेप, ट्रायल बॉक्स आणि डबा. त्या वर्षीच्या गावांत शैलजा मॅडमची शाळा होती. योगायोग वगैरे काही नाही, त्यांनीच हेडसरांना सांगून कॅम्प मागवला होता.

शाळा छान होती. स्वच्छ. भिंतींवर पाढे, फुलझाडं, गेटवर शाळेला मिळालेल्या कसल्याशा पुरस्काराचा बोर्ड. हेडसर हौशी. त्यांनी मला आधी सगळी शाळा फिरवून दाखवली. कुठे नळ, कुठे परसबाग, कुठे मुलींचं नवीन स्वच्छतागृह. ते लांबूनच दाखवलं. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, गुलाबी रंगाचं.

‘पुढच्या महिन्यात साहेब शाळेच्या तपासणीला येणारेत,’ हेडसर म्हणाले. ‘जिल्ह्यात नंबर काढायचाय यंदा.’

मी एका वर्गात चार्ट लावला. सहा मीटर मोजून खडूची रेघ मारली. सहा मीटरवरून जी ओळ चांगल्या डोळ्याला दिसते ती दिसली, तर आम्ही सिक्स बाय सिक्स लिहितो. म्हणजे उत्तम. पोरं रांगेनं येऊ लागली. शैलजा मॅडम एकेकाला रेघेवर उभं करून एक डोळा तळहाताने झाकायला शिकवत होत्या. शाळेत एकूण आठ शिक्षक, त्यात बाई त्या एकट्याच. मुली त्यांच्या पदराला धरूनच फिरत होत्या.

प्रत्येकाला मी विचारत होते, ‘डोकं दुखतं का? डोळ्यांतून पाणी येतं का?’

मुलं म्हणत होती, ‘न्हाई.’ काही तर प्रश्न संपायच्या आत न्हाई म्हणून पळत होती.

सहावी, सातवी, आठवीच्या मुली आल्या आणि उत्तर बदललं.

‘डोकं दुखतं का?’

‘हाव.’

‘कधी?’

‘सुट्टीनंतर.’

पुढची. ‘लई दुखतंय मॅडम.’ तिच्या पुढची. ‘चौथ्या तासाला दुखतंय.’ एकापाठोपाठ एक. मी प्रत्येकीचा डोळा रेटिनोस्कोपने पाहिला. सिक्स बाय सिक्स. सिक्स बाय सिक्स. दोघी-तिघींना किरकोळ नंबर निघाला, तेवढा मुलांतही निघाला होता. पहिल्यांदा वाटलं, एकीचं ऐकून दुसरी सांगतेय. पोरी असं करतात. मग वाटलं, चष्मा पाहिजे असेल. पण चेहरे सुकलेले होते. ओठ कोरडे. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि एकीच्याही हातात पाण्याची बाटली नव्हती. मुलांच्या बाटल्या मात्र बाकांवर सगळीकडे लोळत होत्या.

दुपारच्या सुट्टीत हेडसरांनी मला ऑफिसात बसवून जेवायला लावलं. स्टाफरूम वेगळी नाही. हेडसरांचं ऑफिस तीच स्टाफरूम. सगळे सर तिथेच डबे उघडून बसलेले. शैलजा मॅडम वर्गातच जेवतात असं कळलं. उकाडा इतका, की मी तांब्याभर पाणी प्यायले. वर चहा झाला.

तासाभराने व्हायचं ते झालं. मी वर्गात आल्यावर शैलजा मॅडमच्या कानाशी लागून विचारलं, ‘इथं बाथरूमला कुठं जायचं?’

त्या एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. ‘लई घाईचं हाय का? थोडं थांबता येईल का? गाडी आली की तासाभरात लातूर.’

‘गाडी पाचला येणार आहे.’

‘हां,’ त्या म्हणाल्या, आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

‘तुम्ही कुठं जाता?’

‘मी जात न्हाई.’

‘म्हणजे?’

‘सकाळी घरून जाऊन येते. मग संध्याकाळी घरी गेल्यावर.’

‘दिवसभर नाही?’

‘सवय झालीय मॅडम. पाणीच पीत न्हाई ना मी. सकाळी अर्धा कप चहा घेते, बस. येता-जाता जीपमध्ये पण त्रास होत न्हाई.’

हे त्यांनी एखादी युक्ती सांगावी तसं सांगितलं. नोकरी लागल्यापासून त्यांनी शोधून काढलेली, मनातल्या मनात पक्की केलेली युक्ती. आणि मी तिथे पाय जुळवून बसलेली, हातात रेटिनोस्कोप, कानशिलं ठणकायला लागलेली.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी भरपूर प्या. पाणी प्या असं सगळेच सांगतात. मीही सांगते, रोज सांगते. प्यायल्यावर जायचं कुठं, हे कुणी विचारत नाही. आमच्या केस पेपरवर ती जागाच नाही.

‘पण ते गुलाबी काय आहे मग?’ मी विचारलं. ‘सरांनी सकाळी दाखवलेलं?’

‘ते आहे की. टाइल्स बसवल्यात. नळाला पाणी पण हाय. कुलूप असतं.’

‘चावी?’

त्यांनी हनुवटीने ऑफिसाकडे खूण केली. ‘हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये.’

‘मागायची.’

‘तिथं सगळे बसलेले असतात मॅडम,’ त्या इतकंच म्हणाल्या.

मग मला सगळं कळलं. मुलींना चावी मॅडमकडे मागावी लागणार, मॅडमला सरांकडे, सात पुरुषांच्या देखत. म्हणजे मुली मागत नाहीत, कारण मॅडम मागत नाहीत. मॅडम पाणी पीत नाहीत, म्हणून मुलीही बाटली आणत नाहीत. त्या चार दिवसांत मुली शाळेतच येत नाहीत, हे त्यांनी नंतर सांगितलं. कुणी कुणाला बंदी केलेली नव्हती. गावात कुणी यावर भांडलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून समजूतदारपणे तहान मारली होती आणि आता सगळे डोकं दुखतं म्हणून चष्मा मागत होते.

मला राग आला. कुणावर ते धड कळेना. आणि राग येऊनही मी आणखी दहा-पंधरा मिनिटं तशीच बसले, हेही सांगते. कारण उठून जाऊन मागायचं म्हटल्यावर मलाही नको वाटलं. मी या गावची नाही, उद्या इथे तोंड दाखवायचं नाही, तरी नको वाटलं. मग बसवेना तेव्हा उठले.

कॅम्पमुळे त्या दुपारी तास नव्हते, सगळे सर ऑफिसातच होते. दारात उभी राहून म्हटलं, ‘सर, लेडीज बाथरूमची चावी द्या.’

आवाज जरा मोठाच निघाला. एका सरांनी पेपर तोंडासमोर धरला. दुसरे मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागले. हेडसर लगबगीने उठले. ‘हो हो, घ्या ना, घ्या की.’ ड्रॉवरमधून चावी काढली. हरवू नये म्हणून तिला हातभर लांबीचा लाकडी ठोकळा बांधलेला. ठोकळ्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं, ‘मुलींचे स्वच्छतागृह’. तो ठोकळा हातात घेऊन मला सगळं मैदान ओलांडायचं होतं. पोरं विटी-दांडू थांबवून बघायला लागली.

आत टाइल्स चकचकीत. बादली पालथी घातलेली, तिच्यावरचं कंपनीचं लेबलसुद्धा निघालेलं नव्हतं. साबण कागदातच. कुणी कधी पाय ठेवलेला दिसत नव्हता.

बाहेर आले तर शैलजा मॅडम दाराशी उभ्या.

‘आता तुम्ही जा,’ मी ठोकळा पुढे केला.

‘नको मॅडम. सगळे बघून राहिलेत.’

‘बघू द्या.’

‘उद्या काय म्हणतील?’

‘म्हणतील, मॅडम बाथरूमला गेल्या. दुसरं काय म्हणणार?’

त्यांनी एकदा मैदानाकडे पाहिलं. मग माझ्या हातातून ठोकळा घेतला नाही, पण दारातून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर पाणी मारलेलं होतं. तोवर सातवीच्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागे आणखी काही. कुणी बोलावलं नव्हतं. एकमेकींच्या कानात हसत, वेण्या चघळत, रांग लावून उभ्या. ठोकळा शेवटपर्यंत माझ्याच हातात राहिला.

चार्ट गुंडाळून झाल्यावर मी हेडसरांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

‘सर, तुमच्या मुलींना चष्मा नको. ते कुलूप काढा.’

त्यांना खरंच कळलं नाही. मग मी सविस्तर सांगितलं. ते दुखावले.

‘मॅडम, मी कुणाला कधी न्हाई म्हणलं का? विचारा शैलजा मॅडमला. बिलकुल न्हाई म्हणलेलं न्हाई.’

‘नाही म्हणायची वेळच आली नाही. कुणी मागितलीच नाही.’

‘मग मागायची ना!’

‘तुमच्या घरच्या बाईला सात पुरुषांत उभं राहून मागता येईल का सर?’

ते म्हणाले, ‘उघडं ठेवलं तर घाण होते मॅडम. आधीचं होतं त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत न्हाई. दार सुद्धा ठेवलं न्हाई लोकांनी. हे मी जपून ठेवलंय. तपासणीला फोटो लागतात.’

‘घाण झालं तर धुवायचं सर. तो काय देव्हारा आहे का?’

‘तुम्हाला बोलायला काय जातंय? तुम्ही आता गाडीत बसणार,’ ते म्हणाले. खरंच होतं. गाडी गेटवर आलेली दिसत होती. तरी शेवटी म्हणाले, ‘उद्यापासून शाळेच्या टायमात उघडं ठेवतो. खूश?’

मी खूश झाले नाही, पण थकले होते. गाडीत बसून डोळे मिटले. माझं डोकं लातूर येईपर्यंत ठणकत होतं.

पुढचे काही दिवस शैलजा मॅडमचे फोन येत. त्यांनी पाण्याची बाटली न्यायला सुरुवात केली. नांदेडच्या डॉक्टरांना फोन करून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या कमी करायला घेतल्या. पहिला आठवडा वाईट गेला. ‘मॅडम, जास्तच दुखतंय, तुम्ही मला फसवलं,’ त्या रडत म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले होते ना, आधी वाढेल म्हणून. दम धरा. मला स्वतःलाच खात्री नव्हती. पण पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. सुट्टी झाली होती आणि डोकं दुखत नव्हतं. एवढंच सांगायला केला होता. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मला इतका आनंद झाला, की पेशंट ट्रायल फ्रेम घालून बसलाय हेच विसरले.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा फोन आला.

‘मॅडम, कुलूप लावलं.’

कुठल्यातरी पोराने नळ तोडला होता. हेडसरांनी नळ दुरुस्त करून घेतला आणि तपासणी होईपर्यंत म्हणून कुलूप घातलं. ड्रॉवर, ठोकळा, सगळं पूर्ववत.

‘आता काय करू?’

‘मी काय सांगू?’ मी म्हटलं. खरोखर काही सुचत नव्हतं. ‘मी नंबर काढणारी बाई आहे शैलजा मॅडम. सरांशी बोलून झालं. अजून कुणाशी बोलू?’

‘बरोबर हाय,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही तरी किती करणार.’ आणि फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. सुट्टीनंतर अर्ज जाणार. त्या रात्री मी घरी कुणाशी धड बोलले नाही.

त्या परत दवाखान्यात आल्या तेव्हा थंडी सुरू झाली होती. नुसत्या तपासणीला. नंबर तोच. मी ट्रायल फ्रेम काढायच्या आधीच विचारलं, ‘अर्ज दिला?’

‘कशाचा? न्हाई ओ,’ त्या म्हणाल्या. ‘डोकं आता कधीमधी दुखतं. महिन्यातून दोन-तीनदा. उन्हात हिंडले की. ते चालायचंच. डस्टर मी आता हातातच घेत न्हाई, पोरीच फळा पुसतात.’

‘आणि कुलूप?’

‘कुलूप हाय की. पण माझं हाय.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी लातूरहून येताना एक कुलूप आणलं. गावातल्या लोहाराला बोलावून जुनं कापून घेतलं, सगळ्यांच्या देखत. आपलं लावलं. एक चावी आठवीच्या मुलींकडे दिली, एक स्वतःच्या गळ्यात अडकवली. सकाळी उघडायचं, शाळा सुटली की लावायचं, मुलींनी पाळीपाळीने धुवायचं आणि मॅडमनेही त्यांच्याबरोबर धुवायचं. नळ पुन्हा कुणी तोडला नाही, कारण तिथे आता दिवसभर मुलींची ये-जा असते. हेडसर दोन दिवस बोलले नाहीत. मग बोलायला लागले. काय करतील?

माझ्यापुरतं म्हणाल, तर मी त्यानंतर केस पेपरवर पेनाने एक ओळ वाढवली. डोकेदुखीची बाई आली की विचारते, दिवसभर असता तिथं बाथरूम आहे का, आणि जाता का. एसटीच्या कंडक्टर, क्लासच्या मुली, दुकानातल्या सेल्सगर्ल. दर दुसरी बाई आधी हसते आणि मग खरं सांगते. डॉक्टर सर म्हणाले, ‘हा डोळ्यांचा दवाखाना आहे मॅडम.’ मी म्हटलं, ‘हो सर.’ ओळ तशीच ठेवली. चष्मे थोडे कमी जातात.

जाता जाता शैलजा मॅडमने शाळेच्या तपासणीचं सांगितलं. साहेब आले, शाळा बघितली, परसबाग बघितली. मग मैदान ओलांडून गुलाबी खोलीपाशी गेले. मागे हेडसर, सगळे सर, सगळी शाळा. पाहुणे येणार म्हणून मुलींनी घासूनपुसून कुलूप लावून ठेवलेलं. हेडसरांनी सवयीने एका सरांना ऑफिसातल्या ड्रॉवरकडे हात केला आणि तसाच खाली घेतला. त्यांनी शैलजा मॅडमकडे पाहिलं. हळूच म्हणाले, ‘मॅडम, जरा चावी द्या.’

‘लगेच दिलीत?’ मी विचारलं.

‘दिली की,’ त्या म्हणाल्या. ‘पण आधी मोठ्यानं विचारलं, कशाला पायजे सर?’